नाव शाईनं, विषय पेन्सिलनं

मठपती अण्णांच्या खिडकीच्या गजाला एक खोडरबर दोरीनं बांधलेलं असे. पोस्टात पेन बांधलेलं आपण सगळेच बघतो, पण बांधलेलं खोडरबर मी उभ्या जन्मात तिथंच पाहिलं. अण्णा कोल्हापुरातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात प्रवेशाचे कारकून होते. जूनमध्ये अकरावी सायन्सची रांग फाटकापर्यंत जायची आणि अण्णांचा आवाज फाटकाच्याही पुढं. “नाव शाईनं, विषय पेन्सिलनं! कान हायत न्हवं, पावणं?” अर्जातला एकच रकाना पेन्सिलचा, तो ऐच्छिक विषयाचा. गणित की जीवशास्त्र. गणपती बसेपर्यंत तो पुसून बदलता येई. हरतालिकेच्या दिवशी अण्णा पेन काढायचे आणि ज्याला त्याला बोलावून तो रकाना शाईनं पक्का करून घ्यायचे. हे कुठल्याही नियमात नव्हतं. प्राचार्य कुरकुरत आणि अण्णा मान डोलवत.

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये मी आईबरोबर त्या खिडकीशी उभी राहिले.

“विषय कंचा?” अण्णांनी मला विचारलं.

“जीवशास्त्र,” आई म्हणाली.

“तिला तोंड हाय की, बाई.”

“जीवशास्त्र,” मी म्हणाले. अण्णांनी माझी मार्कलिस्ट बघितली. गणितात दीडशेपैकी एकशे सेहेचाळीस होते. मग त्यांनी मान वर करून आईकडं बघितलं आणि बघतच राहिले. मला वाटलं, आता हा माणूस आईशी भांडणार. पण त्यांचा तो ढोलासारखा आवाज एकदम खाली आला. “पेन्सिलनं लिव, तंगी,” एवढंच ते म्हणाले. तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. अण्णा मूळचे गडहिंग्लजचे, घरात कन्नड बोलणारे, आणि कॉलेजातल्या सगळ्या मुली त्यांच्या तंगीच होत्या.

आईचं म्हणणं काय होतं ते सांगायलाच हवं. वडील मी लहान असतानाच गेले. आई कळंब्यात घरी बसून ब्लाउज शिवायची. थोरला भाऊ विलास, म्हणजे आमचा दादा, दहावीला बऱ्या मार्कांनी पास झाला, तर सगळी गल्ली म्हणाली, इंजिनिअर होणार. त्यानं गणित घेतलं आणि बारावीला गणितातच नापास झाला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा नापास. निकालाच्या दिवशी तो घरी आला नाही. आईनं त्याचा फोटो घेऊन स्टँड, पाहुणे, कॉलेज सगळं पालथं घातलं. चौथ्या दिवशी तो कळंब्याच्या तळ्याच्या काठावर सापडला. अंगावरचे कपडे ओले होते. पाण्यात का शिरला होता, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. पुढं तो एका फौंड्रीत कामाला लागला आणि आईनं तळ्याकडची वाटच सोडली. “एक पोरगं त्या गणितानं खाल्लं असतं. दुसरं मी देणार न्हाय,” असं ती म्हणायची.

आणि मला तर गणित हवं होतं. अवघड गणित सुटलं की मला कडकडून भूक लागायची, इतका आनंद व्हायचा. पण हे आईला कुठल्या तोंडानं सांगू?

अण्णांनी वाट काढून दिली होती. “रकाना पेन्सिलीत हाय तवर दोनी वर्गात बस. कोण इचारलं तर माझं नाव सांग.” मी दोन्ही वर्गांत बसू लागले. शनिवारी खिडकीवरून जाताना ते हाक मारत, “तंगी, ठिवायचं का पुसायचं?” मी म्हणायची, “ठेवा.” ते पुढं एक अक्षर बोलत नसत.

एरवी मात्र जीभ भलतीच तिखट. एकदा जयसिंगपूरचे एक व्यापारी मुलाला दंडाला धरून घेऊन आले. “माझा पोरगा गणितच घेणार. आत्ताच्या आत्ता शाईनं लिहा!” अण्णांनी शांतपणे विचारलं, “पेपर तुमी लिवणार काय, पावणं? मग अर्जात तुमचंच नाव घालतो. जन्मतारीख सांगा.” रांग खो खो हसली. मुलगा मात्र हसला नाही. अण्णांनी त्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला बोलावलं.

हरतालिका आठवड्यावर आली तेव्हा मी हरले. खिडकीशी जाऊन म्हणाले, “अण्णा, राहू दे. जीवशास्त्र पक्कं करा.” आणि मला रडूच आलं. अण्णांनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं.

“विलास चव्हाण तुझा थोरला न्हवं?” ते म्हणाले. मी मान डोलवली. “आईला बघितलं तवाच वळाकलं मी. फोटो घेऊन ती ह्याच खिडकीत आलती. फोटो बघितला आन मला आठवलं. त्यो अकरावीत असताना श्रावणात माझ्याकडं आलता. म्हणाला, अण्णा, गणित बदलून द्या. मी म्हटलं, शाईनं लिवलंय, आता बदलत न्हाय. पुढचा या! एवढंच. कशापायी बदलतोस म्हणून एका शब्दानं इचारलं न्हाय.” त्यांनी दोरीचं खोडरबर हातात घेतलं. “त्याच्या फुडच्या जूनपासनं ही पेन्सिल.”

मग त्यांनी विचारलं, “तुला गणित पायजे का?”

“पाहिजे.”

“मग घरात सांग. घरात सांगिटल्याबिगर मी पुसणार न्हाय. आईच्या पाठीमागं घेतलेला इषय अभ्यासाला बसू देत न्हाय.”

तीन दिवस मी गिळून बसले. चौथ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. आईनं ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. तेव्हा दादा बोलला. फौंड्रीच्या काळ्या मातीनं त्याची नखं कायमची काळी झाली होती, त्या हातानं त्यानं ताट पुन्हा आईपुढं ओढलं. “आई, गणितानं मला काय केलं न्हाय. मला ते जमंना, आणि जमंना म्हणून सांगायला मला कुठं जागा न्हवती. हिला जमतंय. आणि उद्या न्हाय जमलं, तर सांगायला आपण हाय की.” त्या सगळ्या प्रकरणावर दादा बोलला तो तेव्हाच पहिल्यांदा. आई खूप वेळ रडली आणि मग जेवली.

हरतालिकेच्या दिवशी दादा कामावर खाडा करून माझ्याबरोबर कॉलेजात आला. खिडकीत त्याला बघताच अण्णा उभे राहिले. प्राचार्य आले तरी खुर्ची न सोडणारा माणूस! मागं रांग होती, तरी ते मोठ्यानंच म्हणाले, “विलास, माझं चुकलं.”

दादा खाली बघत म्हणाला, “तुमी नियम सांगिटला, अण्णा.”

“नियम सांगिटला रं. पर तुला इचारलं न्हाय.”

दादानं डोळे पुसले. “आता हिचं लिवा,” तो म्हणाला. अण्णांनी रकाना पुसला, कागदावर फुंकर मारली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी ‘गणित’ लिहिलं. मग त्यांनी तीन चहा सांगितले. माझा उपास होता, म्हणून माझाही चहा दादानंच प्यायला.

मी गणितात एम.एस्सी. केलं आणि आज तेच शिकवते. अण्णा निवृत्त होऊन गडहिंग्लजला गेले. कॉलेजात संगणक आले, ती खिडकीही बंद झाली. मी कधीमधी पत्र टाकायची. उत्तरात अभ्यासाची चौकशी असे आणि शेवटी न चुकता, ‘विलास कसा आहे?’ मला वाटायचं, शिष्टाचार म्हणून विचारतात.

काही वर्षांनी, आषाढ सरता सरता, अण्णा गेल्याचा निरोप आला. दादा आणि मी मातीला गेलो. अण्णा लिंगायत, त्यांच्यात पुरतात, तेही बसवून. खड्ड्यात त्यांना बसवल्यावर दादानं मूठभर माती टाकली आणि तिथंच उभा राहिला. त्याला हाताला धरून आणावं लागलं.

परतीच्या एस.टी.त निपाणी मागं पडल्यावर दादा म्हणाला, “दरसाल हरतालिकेला फौंड्रीच्या दारात यायचे.”

“कोण? अण्णा?”

“व्हय. रिटायर झाल्यावर बी. गडहिंग्लजासनं एस.टी.नं यायचे. च्या प्यायचो आमी दोघं. ‘बरा हायस न्हवं?’ म्हणून इचारायचे. मी व्हय म्हणायचो. मग परत जायचे.”

इतकी वर्षं यातलं काहीएक मला माहीत नव्हतं. मी त्यांची लाडकी तंगी म्हणून मिरवत होते आणि ते दरसाल माझ्या भावाला बघून जात होते.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “औंदा कोण इचारणार?”

“मी येते,” मी म्हणाले.

“ये,” दादा म्हणाला. “पर हरतालिकेलाच ये. आणि च्या मीच पिणार, दोनी कप. तुझा उपास असतोय.”