बांधावरचा पिंपळ

संघपालचं गाव वर्धा नदीवरच्या धरणात बुडालं, आणि नोकरीही त्याला त्याच धरणावर लागली. मातीच्या बांधावर झाड वाढू द्यायचं नाही, हे त्याचं काम. मूळ खोल गेलं की त्याच्या कडेने पाणी वाट काढतं. खाली वीजघर, त्याच्या खाली गावं.

"गुरुजी, दुनिया झाडं लावून राहिली, मी एकटाच उपटून राहिलो," तो हसत मला म्हणायचा.

मग त्याच्या मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकूने, शालूबाईने बांधाच्या माथ्याजवळ दगडांच्या फटीत पिंपळाचं रोप लावलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथून बुडालेल्या गावच्या बुद्धविहाराचा ओटा दिसतो.

"तुले दिसलंच नाई असं समज," ती म्हणाली.

"मोठी आई, नव्या विहाराच्या भिंतीतलं रोप तूच काढलं ना? भिंत फुटते म्हनून?"

"तेच हाय हे. भिंतीले जड झालं. एवढ्या मोठ्या बांधाले काय होते, बाप्पा!"

संघपालने ते राहू दिलं. पिंपळाला हात जोडणारा माणूस, उपटणार कसा? पण फेरीवर निघाला की तेवढ्या जागी तो रस्त्याची दुसरी कड धरायचा. त्याची मुलगी भावना धरणाखालच्याच गावात दिलेली. पावसाळ्यात तिचा फोन यायचा, "बाबा, सगळं ठीक हाय ना तिकडं?" 'हो' म्हणून तो घाईने फोन ठेवायचा.

यंदा पिंपळाशेजारचा दगड मुळाने उचललेला दिसला. त्याच सकाळी संघपालने पहारीने दगड काढले, मूळ शेवटपर्यंत उकरलं, खड्ड्यात माती ठोकून भरली. झाड ओल्या पोत्यात गुंडाळून शालूबाईच्या दारात नेलं.

"कोनं उपटलं?"

"मी."

"सायबानं सांगतलं?"

'हो' म्हणून सुटता आलं असतं.

"नाई. सायबाले मालूमच नाई."

शालूबाई पोत्याकडे बघत राहिली. "मंग अंगणात लावून काय करू? इथून गाव दिसते काय?"

शेवटी संघपालने ते स्वतःच्या घरामागे लावलं. झाड जगलं, तांबूस पालवी आली. शालूबाई अजूनही त्याच्याकडे येते, चहा घेते, भावनाची खुशाली विचारते. घरामागे मात्र जात नाही.

"तिनं एकदा शिव्या देल्या असत्या ना, गुरुजी," संघपाल मला म्हणाला, "तं मले बरं वाटलं असतं."