मागे राहिलेली पर्लिता

कुणाच्याही घरून निघताना आम्ही फिलिपिन्सकडची इलोकानो माणसं स्वतःलाच हाक मारतो. पायरी उतरताना हळूच आपलं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "चल, मागे राहू नकोस." अंगाला घाई असते, जीव मात्र रेंगाळतो. त्याला गप्पा आवडतात, सावली आवडते, आणि बोलावलं नाही तर तो तिथेच बसून राहतो. हाक ज्याची त्यानेच मारायची, दुसऱ्याच्या हाकेला जीव उठत नाही. इथे हवाईत जन्मलेली आमची पोरं याला हसतात. हसोत बापडी. माझी धाकटी बहीण पर्लिता रागासा कधी हसली नव्हती, आणि घोटाळा नेमका तिच्याच बाबतीत झाला.

तिकडे फिलिपिन्समध्ये, आमच्या बाताक गावात, पर्लिता गणिताची शिक्षिका होती. माझ्यामागून ती या बेटावर आली, तर इथे तिची पदवी कुणी विचारात घेईना. शाळेत तिला मदतनीस म्हणून ठेवलं. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, आणि शाळा भरता-सुटताना रस्त्यात उभं राहून, तळहात पुढे धरून गाड्या थांबवायच्या. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवायची. खिडकीतून तिचा तो हात दिसला की माझं डोकं फिरायचं.

"मनांग," ती मला म्हणायची, थोरल्या बहिणीला आम्ही हेच म्हणतो, "चिडतेस कशाला? हात वर केला की ट्रकसुद्धा थांबतो. बाताकमध्ये माझं कोण ऐकत होतं?"

परीक्षा देऊन ती पुन्हा शिकवणारी बाई झाली. शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव तिला पाठ, त्याच्या आजीचं दुखणंही पाठ. कुणाला घर सोडायची नोटीस आली, कुणाची कामावरून गच्छंती झाली, की तो आधी पर्लिताच्या दारात. शेवटी लोकच म्हणाले, "बाई, तुम्हीच उभ्या राहा." राज्याच्या विधानसभेसाठी!

आमच्याकडे उमेदवार गळ्यात फुलांच्या माळा घालून, नावाची पाटी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात हलवतात. पर्लिताने तेही केलं, पण तिचा भरवसा दारोदार फिरण्यावर. गाडी मी चालवायची. प्रत्येक पायरी उतरताना ती पुटपुटायची, "चल गं पर्ली, मागे राहू नकोस."

पंप कॅम्प म्हणजे ऊसमळ्याच्या मजुरांची जुनी लाकडी वस्ती. मळा कधीच बंद पडला, जमीन कंपनीकडे राहिली, आणि आता तिथे हॉटेल होणार अशी कुणकुण होती. कोपऱ्यातल्या घरात आपो सिक्स्तो, आपो म्हणजे आजोबा, एकटे राहायचे. ऊस तोडून तोडून त्यांची बोटं वाकडी झालेली. त्या दुपारी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. पर्लिताने आपोंचा शेवगा पुढ्यात ओढला आणि पाला ओरबाडता ओरबाडता गप्पा मारल्या. निवडून झाल्यावर तिने रिकाम्या काड्यांची जुडी केली आणि त्यातल्याच एका काडीने बांधली. आमची आई अशीच बांधायची.

"बाई, घर राहील ना माझं?" आपोंनी विचारलं.

"निवडून आले तर मी तिथे बसलेय तोवर या घराला कुणी हात लावणार नाही," ती म्हणाली. आणि ते तिच्या मनातलं होतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

तेवढ्यात फोन आला. पक्षाचा कुणी मोठा माणूस होता. ती ताडकन उठली, फोन कानाला लावून पायऱ्या उतरली आणि गाडीत जाऊन बसली.

"अगं, हाक मार आधी!" मी म्हटलं.

तिने फोनवर हात ठेवला. "मनांग, नंतर. चल लवकर."

ती निवडून आली. घरी आम्ही पिनाकबेत केलं, तिच्या आवडीची मिश्र भाजी, पण कारलं जरा जास्त पडलं. तिने ते निमूट खाल्लं. माझ्या घरच्या कारल्यावर तोंड वाकडं न करणारी पर्लिता मी जन्मात पाहिली नव्हती. पाया पडायला आलेल्या एका पोरीला तिने चार वर्षं शिकवलं होतं, तिलाच विचारते, "तुझं नाव काय?" पोरगी रडकुंडीला आली.

पुढच्याच आठवड्यात आपोंचा फोन. "नेनिता, तुझी बहीण रोज येते बघ. बोलत नाही, पण भाजी निवडून देते."

"आपो, ती होनोलुलूला असते. विमानाने जावं लागतं तिकडे."

"मग ही कोण आहे?"

मी गेले. ओसरीवर दोन खुर्च्या, दोन कप. मला दुसऱ्या खुर्चीत कुणी दिसलं नाही. पण टोपलीत शेवग्याचा पाला काठोकाठ निवडलेला होता, आणि बाजूला काड्यांची जुडी, एका काडीने बांधलेली. आपोंना तर त्या वाकड्या बोटांनी स्वतःच्या शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

पर्लिता सुट्टीला आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ती हसली. "हे तिकडे कुणाला सांगू नकोस हं, माझी अब्रू जाईल." पण मी कुठली सोडते! मला माझी बहीण परत हवी होती. पंप कॅम्पची जमीन हॉटेलला द्यायची की नाही, यावर मंगळवारी विधानसभेत मतदान होतं, त्याआधी जीव अंगात परत यायला हवा होता. मी तिला जवळजवळ ओढतच आपोंच्या घरी नेली.

ती पायरीखाली उभी राहिली. बूट काढले नाहीत. "पर्ली, चल," ती म्हणाली, मीटिंगमधून कुणाला बाहेर बोलवावं तशी.

आपो रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन बसले होते. "ती विचारतेय, घर राहील ना?"

पर्लिताने घड्याळ पाहिलं. "आपो, तो विषय आता पक्षाने ठरवलाय. तुम्हाला दुसरीकडे चांगली सोय होईल."

आपोंनी पुन्हा कान दिला. मग मान हलवली. "नाही उठत म्हणते."

"मग बसू दे तिला," पर्लिता म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली. तिच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

मंगळवारी तिने हॉटेलच्या बाजूने हात वर केला.

घरं पाडली. आपोंना त्यांची लेक लास व्हेगासला घेऊन गेली. निघताना त्यांनी मोठ्याने स्वतःला हाक मारली, "सिक्स्तो, चल रे बाबा, मागे राहू नकोस." मग रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "तू पण ये गं." थोडा वेळ थांबले आणि लेकीचा हात धरून गाडीत बसले.

पर्लिता पुन्हा निवडून आली. लोक तिच्यावर खूश आहेत. दुकानात मला सांगतात, "नेनिता, तुझी बहीण फार कष्टाळू हो! निवडणूक नसली तरी पंप कॅम्पच्या वळणावर उभी राहून हात करते. ना माळ, ना पाटी." ते हॉर्न वाजवतात, हात हलवतात आणि निघून जातात.

मीही तिला पाहिलं. दिवसाढवळ्या, पत्र्याच्या कुंपणापुढे. त्याच सकाळी मी पर्लिताशी फोनवर बोलले होते, ती होनोलुलूला होती. कुंपणापुढची नुसती उभी होती, शाळेतल्या मदतनिसाचा जुना निळा झगा घालून, हात वर करून. लोकांना तो नमस्कार वाटतो. मी तो हात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलाय. तळहात पुढे, बोटं ताठ. ती गाड्या थांबवत होती.

कुणी थांबत नव्हतं. मी थांबले. मागचं दार उघडलं आणि दुसऱ्याच्या हाकेला जीव उठत नाही हे ठाऊक असूनही हाक मारली, "चल गं पर्ली, घरी चल. मागे राहू नकोस."

तिने हात खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, अगदी माझ्या बहिणीसारखं. इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"मनांग, आपोंचं घर कुठे गेलं?"

ती गाडीत बसली नाही. मी दार लावलं, गाडीत बसले आणि रडत रडत मोठ्याने स्वतःला हाक मारली.