चांदबीबीच्या महालावर आक्कानं नवरा पसंत केला

आक्का गेली. पहाटे, झोपेतच. भाच्याचा फोन आला तेव्हा माझा चहा व्हायचा होता.

मला मोबाईलवर लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाईप करतेय. चुका तिच्या.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, यमुना. तिच्या लग्नाची गोष्ट आज सांगून टाकते. आता ती सांगणारी मी एकटीच उरले.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आम्ही कोल्हारचे, प्रवरेकाठचे. आक्काला दाखवायला आबा तिला नगरला घेऊन निघाले. सोबतीला मी.

मोटार कोळशावर चालायची. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. नवरी मुलगीसुद्धा!

दिल्ली दरवाजातून आत शिरलो आणि मी थक्क झाले. एवढी मोठी वेस, आणि आत नुसत्या गल्ल्याच गल्ल्या. तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज, अत्तराचा वास, टांगेवाल्यांची भांडणं.

किल्ला मात्र लांबूनच पाहिला. आत लष्कर. आबांनी खंदकाकडं बोट केलं, "इंग्रजांनी आपले पुढारी हितंच कोंडले हुते." आणि टोपी काढून उभे राहिले.

मुलगा कापडबाजारात एका दुकानात कामाला होता. दामोदर नाव. गोरा, शांत. पाहण्याच्या कार्यक्रमात एक शब्द बोलला नाही.

आक्का माझ्या कानात म्हणाली, "शिष्ट आहे गं."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मामांनी शेतावर हुरडा खायला बोलावलं. शेत चांदबीबीच्या डोंगराखाली. टांग्यातून गेलो. शहर मागं पडलं, दोन्हीकडं ज्वारी, वर पाखरं.

हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी. पोटभर खाऊन मोठी माणसं आगटीजवळ बसली. मुलाची वहिनी म्हणाली, "चला, वरचा चांदबीबीचा महाल बघून येऊ."

ती अर्ध्या वाटेतच दमून बसली. वर गेलो आम्ही तिघंच, आक्का, मी आणि तो मुलगा.

वरून सगळं नगर दिसत होतं. आक्का त्याच्या डावीकडं उभी होती. तिनं धीर करून विचारलं, "ते पांढरं दिसतंय ते काय?"

तो गप्प.

तिनं पुन्हा विचारलं. तरीही गप्प. आक्काचा चेहरा पडला. ती खाली जायला वळली, त्याच्या उजव्या बाजूनं, आणि पुटपुटली, "बोलायचंच नसेल तर कशाला बोलावलं?"

तो दचकला. "अहो, तुम्ही काही विचारलं होतं का?"

आक्का थांबली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही?"

तो खालीच बघत राहिला. "लहानपणी गोवर आला होता. घरचे म्हणाले, लग्नानंतर कळेलच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तो वळला. सरळ डोंगर उतरला. आगटीपाशी गेला आणि सगळ्यांसमोर आबांना म्हणाला, "माझा एक कान बहिरा आहे. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

आम्हीही मागोमाग येऊन बसलो होतो. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला.

आबा उठले. "शांते, आक्काला घे. चला."

मी उठले. आक्का उठली नाही.

"आबा, लपवलं ह्यांच्या घरच्यांनी. सांगितलं ह्यांनी. मला नांदायचंय कुणाबरोबर?"

त्या काळी मुलगी असं बोलत नसे हो. मामांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

आबा आम्हाला घेऊन निघाले. परतीच्या मोटारीत राहुरी मागं पडली. मग एकदम म्हणाले, "उद्या दुसरा बी कान गेला तर?"

"मग मी मोठ्यानं बोलेन."

आबा आधी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! "लई द्वाड हाय ही. कळवतो त्यान्ला, व्हय म्हनून."

अन् दाजींचा दुसरा कान पुढं खरंच गेला. पन्नाशीतच.

आक्का बोलली मोठ्यानं. दिल्ली दरवाजाजवळच्या त्या गल्लीला आमच्या आक्काकडं आज भाजी कुठली ते रोज कळायचं. मुलांनी हिअरिंग मशीन आणलं, तर दाजी ते काढून ठेवायचे. म्हणायचे, "हिचं मला तसंही ऐकू येतं."

भांडणंही गल्लीभर ऐकू जायची म्हणा. पण रुसून माहेरी आलेली आक्का मी कधी पाहिली नाही.

दाजी गेल्यावर एकदा मी तिला विचारलं, "आक्का, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली?"

म्हणाली, "वाटली की. पण तो डोंगर उतरताना मी मागून बघत होते. पळत नव्हता गं तो. सांगायला निघाला होता."

माझे गुडघे चालत नाहीत. अमरधामला, स्मशानात, मला नेलं नाही. तिच्या घराच्या दारातच तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गार पडले होते.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला येत नाहीत, आक्का. छान जगलीस. सुखानं जा.

तुझी शांता