टर्बोला हार कुणी घातला

आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगतात: पोरीने दसऱ्याला बुलेटला हार घातला आणि गाडी बसली. बस्स, एवढीच गोष्ट. सांगणारा हसतो, ऐकणारे माझ्याकडे बघून हसतात, आणि मग कुणीतरी हटकून म्हणतं की बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. माझं डोकं अजून फिरतं. म्हणून एकदा काय झालं ते नीट सांगून टाकते.

बुलेट बाबांची. जुनी, काळी, टाकीवर पोचा आलेली. बदलापूर गावात आमचं घर, गावाबाहेर भाताची शेती, आणि बाबांना शेतावर जायला ती गाडी. मी बीएस्सी झाले आणि अंबरनाथजवळच्या आनंदनगरमधल्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये लागले. सकाळच्या पाळीला गावातून धड रिक्षा मिळायची नाही. पहिल्याच आठवड्यात दोनदा उशीर झाला, तेव्हा बाबांनी गाडीची चावी माझ्या हातावर ठेवली. नोकरी आहे तोवर गाडी तुझी, म्हणाले. किक मारायलाही त्यांनीच शिकवलं. इंजिनातला दाब सोडणारी डिकॉम्प्रेसरची खिट्टी दाबून अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा आणि मग अंगातलं सगळं वजन किकवर टाकायचं. दोन दिवस पोटरी सुजली. तिसऱ्या दिवशी गाडी चालू झाली आणि मी ओढणी कमरेला गच्च बांधून निघाले. नव्वदच्या आसपासचा काळ, गावातल्या बाया दारात येऊन बघायच्या. बघू देत की! मला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

भीती वाटली ती आमच्या दादूसला. दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ. नोकरी नाही, शेतात पाय नाही, दिवसभर पारावर बसून कुठली जमीन कितीला जाणार याच्या गप्पा. त्याचा एक दोस्त होता, वेल्डिंगचं दुकान चालवणारा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, अरे, तुमची बुलेट आता लेडीज झाली. झालं! दादूसला ते असं झोंबलं की दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. गाडी लेडीज झाली तर आता तिला मर्द करायला हवी, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं.

मग दोघं उल्हासनगरला गेले. कॅम्प एकमधल्या जुन्या सामानाच्या बाजारात त्यांना एका भंगारात निघालेल्या परदेशी डिझेल गाडीचा टर्बो मिळाला. दुकानदार सिंधी होता. माल एकदम ओके साईं, असं तो म्हणाला म्हणून दादूस आठवडाभर घरात प्रत्येक गोष्टीला ओके साईं म्हणत सुटला. टर्बो म्हणजे काय ते मला त्यानेच सांगितलं आणि ते मात्र त्याला बरोबर कळलं होतं. गोगलगाईच्या शंखासारखी दोन बिडाची घरं, मध्ये एक दांडा, दोन्ही टोकांना पंखे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराने एक पंखा फिरतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो, आणि तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त.

मला न विचारता त्यांनी गाडी दुकानात नेली. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणे, दसऱ्यापर्यंत बसने जा. अरे, कुठली बस? मी रोज उजाडायच्या आत घरातून निघून धापा टाकत कारखान्यात पोचत होते आणि लॅबचे साहेब घड्याळाकडे बघत होते. एकदा म्हणालेसुद्धा, जमत नसेल तर आत्ताच सांगा, बाहेर मुलांची रांग आहे. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे, पोराची हौस होऊ दे.

हौस झाली. टर्बो इंजिनच्या पुढे, हँडलच्या बरोबर खाली, वेल्डिंग करून बसवला. खोटं कशाला बोलू, बारवी धरणाच्या रस्त्यावर चढाला गाडी खरंच ओढायची. आणि शिट्टी! अ‍ॅक्सिलेटर पिळला की अशी बारीक शिट्टी निघायची की पारावरची पोरं उठून उभी राहायची. दादूस त्या शिट्टीवर भाळला होता. पण हवा ओढायचं तोंड उघडं होतं. हाताचा पंजा जाईल एवढं तोंड, आत पंखा, वर काही नाही. मी बघितलं आणि आधी माझी ओढणी मागे ओढली. आमच्या कारखान्यात ब्लोअर होता. त्याच्या तोंडाला जाळी होती, तरी बायकांना ओढणी बांधल्याशिवाय त्याच्याजवळ सोडत नसत. मी दादूसला म्हटलं, याला जाळी लाव, फिल्टर लाव, काहीतरी लाव. तर म्हणतो कसा, फिल्टर लावून बघितला, शिट्टी दबते. मी परत म्हटलं. तेव्हा तो बाबांकडे बघून हसला आणि म्हणाला की आता ही मला इंजिन शिकवणार.

दसऱ्याला अंगणात गाडी धुऊन उभी केली. आईने हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. हार माझ्या हातात दिला. गाडी तू चालवतेस, मान तुझा, म्हणाली. त्या घरात मान माझा असं मी पहिल्यांदा ऐकलं. झेंडूचा मोठा, जाड सुतळीत ओवलेला हार. मी तो हँडलला घातला, दरवर्षी घालतात तसा, दोन्ही बाजूंना सारखा, वर ओढून. मग दादूसचे दोस्त आले. एक म्हणाला, नवीन माल खाली आणि हार वर? दादूसने हाराला हात घातला, खाली ओढला आणि टर्बोच्या तोंडावर आडवा टाकला, नवरदेवाच्या गळ्यात घालावा तसा. मी पुढे झाले, तो काढ म्हणाले. तेव्हा बाबा बोलले.

"बाय, आज सन हाय. तोंड बंद ठेव."

मी ठेवलं. दादूसने किक मारली, दोस्तांना शिट्टी ऐकवायची म्हणून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळला. आधी पाकळ्या गेल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग हार आत ओढला गेला, सुतळी पंख्याला गुंडाळली, शिट्टीची किंकाळी झाली आणि इंजिनातून कुणी आत हातोडा मारावा असे दोन ठोके आले. मग काहीच नाही. नंतर खोललं तेव्हा पंख्याची पाती तुटून आत गेलेली, व्हॉल्व वाकलेला, पिस्टनला भोक.

दादूसचा चेहरा पांढराफटक. आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल?

"हार कुणी घातला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, हिनेच घातला, मीच दिला होता तिच्या हातात. बिचारीने खरं तेच सांगितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली वाकून पाकळ्या गोळा करत होते.

गाडी गोठ्यात गेली आणि तिथेच गंजली. दुरुस्त करू म्हणाले, कुणी केली नाही. मी जेमतेम पावसाळा येईपर्यंत नोकरी ओढली. मग साहेबांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला आणि रांगेतला एक मुलगा घेतला. त्यानंतर माझं लग्न ठरलं आणि मी अंबरनाथला आले. सासरी कुणीतरी हौसेने विचारलं की माहेरी म्हणे तू बुलेट चालवायचीस, तर माझ्या आधी भाऊबीजेला आलेला दादूसच बोलला. हाराची गोष्ट त्याने तिथेही हसत हसत सांगितली.

पाच-सहा वर्षं मी ती ऐकली. मग एका दसऱ्याला माहेरी सोनं द्यायला गेले. दादूसची नवीन मोटरसायकल अंगणात उभी होती, हार घातलेली. तो भावकीतल्या लोकांना गोष्ट सांगायला लागला आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, हार मी हँडलला घातला होता. खाली तू ओढलास. जाळी लाव म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, तुला शिट्टी हवी होती. दादूस म्हणाला, काहीतरीच, इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. बाबा झोपाळ्यावर बसले होते. आता थकले होते.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "मी बगलेला. त्यानंच ओढला हार." मग म्हणाले, "त्याचं लगीन ठरायचं होतं, बाय. लोकांसमोर काय सांगनार?"

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. पाकळ्या गोळा करतानाही त्यांना ठाऊक होतं, गाडी गोठ्यात लोटतानाही, मी राजीनामा लिहीत होते तेव्हाही. दादूसवर मी वर्षानुवर्षं जळत होते, आणि हा माणूस सगळं पोटात घेऊन झोपाळ्यावर बसला होता. मला रडूही आलं नाही, इतका राग आला.

त्यांनी सोनं घ्यायला हात पुढे केला. मुठीतली आपट्याची पानं मी तशीच पर्समध्ये कोंबली आणि चपला घातल्या.