लाल आकडे आणि सतरा अंश

नॉरिस थॅकरेने आयुष्यात बायको एकच केली, पण वीज-गॅसच्या कंपन्या सात. बायकोशी एकनिष्ठ राहणं त्याला जमलं, कारण तिचा दर दरवर्षी वाढत नव्हता.

हॅलिफॅक्समधल्या आमच्या चढाच्या गल्लीत कुणालाही कंपनी बदलायची असली की आधी नॉरिसचं दार वाजायचं. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. सल्लाही बस चालवल्यासारखाच द्यायचा, मध्ये कुणाला उतरू न देता. त्याचे नियम तीन. बदलीच्या दिवशी मीटरचे काळे आकडे टिपायचे, दशांशाचे लाल सोडायचे. बिल कितीही भयंकर आलं तरी घाबरायचं नाही. आणि जुन्या कंपनीचं डायरेक्ट डेबिट शेवटचं बिल मिटेपर्यंत बँकेत बंद करायचं नाही.

“दर महिन्याला तुमच्या खात्यातून पैसे जातात ना, जास्त गेलेले त्याच वाटेने परत येतात,” तो सांगायचा. “वाट तुम्हीच बुजवलीत, तर पैसे काय चिमणीतून येणार?”

नऊ नंबरच्या बर्निस पॉग्सनने गेल्या वर्षी घाईने वाट बुजवली, तेव्हा नॉरिसने भर क्लबात, बिंगो थांबवून, तिला गाढव म्हटलं होतं.

आता त्याच्या घरातली गोष्ट. थॅकरेंच्या घरात हीटिंगचा थर्मोस्टॅट हिवाळाभर सतरा अंशांवर. अठरावा अंश नॉरिसला चैन वाटायचा. त्याची बायको डॉट दोन स्वेटर आणि एक ड्रेसिंग गाउन घालून टीव्ही बघायची. यंदा मात्र जुन्या कंपनीकडे त्यांचे चारशे बारा पाउंड जास्तीचे साठले होते, आणि नॉरिसने शब्द दिला होता, “ते परत आले की जानेवारीभर वीस अंश. देवाशप्पथ.”

“तू देव मानत नाहीस,” डॉट म्हणाली.

“वीस अंशही मानत नाही. तरी म्हणतोय ना!”

दोन डिसेंबरला बदली होती. नॉरिस जिन्याखालच्या कपाटात ओणवा झाला. डॉटने टॉर्च धरला आणि चष्मा पुढे केला.

“नको. माझ्या डोळ्यांनी धुक्यात बस चालवली आहे.”

मीटरवर काळे पाच आकडे होते, 04127. पुढे लाल 3. नॉरिसला सुरुवातीचं शून्य दिसलं नाही. अर्जात मात्र पाच चौकटी होत्या. एक रिकामी राहतेय म्हटल्यावर त्याने पुढचा आकडा घेतला. 41273. चौकटी भरल्या. तो समाधानाने बाहेर आला.

दोन आठवड्यांनी जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं. पंचवीस हजार एकशे आठ पाउंड.

नॉरिस असा ओरडला की गल्लीतली कुत्री उत्तरं देऊ लागली. पुढच्या मिनिटाला त्याने फोनवर बँक उघडली आणि डायरेक्ट डेबिट बंद करून टाकलं. “घ्या म्हणावं आता!”

डॉट टॉर्च घेऊन कपाटात गेली आणि दोन मिनिटांनी बाहेर आली.

“नॉरिस राजा, लाल आकडा कुणी लिहिला?”



नॉरिसने कंपनीला फोन लावला. पन्नास मिनिटं तीच बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला की चूक दुरुस्त होईल, चारशे बारा पाउंड मिळतील. पण डायरेक्ट डेबिट बंद केलंय ना, त्यामुळे चेक पाठवावा लागेल, पोस्टाने. नवं बिल सहा आठवड्यांत, चेक त्यानंतर.

“म्हणजे फेब्रुवारी,” डॉट म्हणाली आणि दुसरा स्वेटर चढवला. “माझा जानेवारी गेला.”

“क्लबात बोलू नकोस.”

“मी कशाला बोलू?”

तेवढ्यात दार वाजलं. बर्निस. हातात वही. ती पुन्हा कंपनी बदलत होती. “यंदा सगळं विचारूनच करते, मास्तर. जुनं डायरेक्ट डेबिट कधी बंद करायचं?”

नॉरिसने डॉटकडे पाहिलं. डॉट हॉलमध्ये, थर्मोस्टॅटपाशी उभी होती.

“शेवटचं बिल मिटेपर्यंत हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “हे मी कितीदा सांगितलंय!”

टक. अठरा.

“आणि बिल भलतंच आलं तर?”

“घाबरायचं नाही. चुकून जास्त कापलेच, तर बँक लगेच परत करते. घाबरतात ते अडाणी.”

टक. एकोणीस.

“लाल आकड्यांचं काय ते...”

“बाई, ते शेंबड्या पोरालाही कळतं.”

टक. वीस. भिंतीवरचा रेडिएटर पोटात गुरगुरला.

बर्निसने वही मिटली. “तुझं बरं आहे. तुझं कधी काही चुकतच नाही ना रे?”

खरं कबूल करायचं तर हे शेवटचं वळण होतं. नॉरिसने तोंड उघडलं. कान लाल झाले. बिंगो, क्लब, गाढव, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं.

“सात कंपन्या झाल्या,” तो म्हणाला. “एकदाही नाही.”

टक.

डॉटने वरचा स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि बर्निससाठी खुर्ची ओढली.

“बस गं, चहा टाकते. अजून काही विचारायचंय का? विचार की!”