बारा आणि तेरा

उत्तर बरोबर असलं तरी आमचे सर त्यावर लगेच खूण करत नसत. लाल पेन वहीपासून बोटभर वर थांबायचं आणि चष्म्यावरून बघत ते म्हणायचे, "आकडा राहू दे. कायदा सांग." कायदा म्हणजे नियम, तो आकडा कशावरून काढला ते. कायदा सांगता आला की पेन खाली यायचं. नाही आला, तर बरोबर उत्तरही तसंच खुणेवाचून राहायचं, आणि चोरी करताना सापडल्यासारखं वाटायचं. सगळं गाव त्यांना कायदा सर म्हणायचं. त्यांचं खरं नाव काय आहे, हे मला सातवीच्या प्रगतिपुस्तकावरची सही नीट वाचली तेव्हा कळलं.

आमचं गाव पेडगावच्या पलीकडे, फाट्यापासून आत. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. सर पोखर्णीहून मोटारसायकलवर यायचे. आमच्या वर्गावर आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक, दोन, चार, आणि पुढे रिकामी जागा. आम्ही सगळ्यांनी एका सुरात आठ म्हटलं. दुप्पट होत जातंय, हे कुणालाही दिसत होतं. सरांनी आठ लिहिलं आणि विचारलं, "आनिक?" आनिक काय असणार, आम्हाला आठच दिसत होतं. मग त्यांनीच सात लिहिलं. आधी एक वाढला, मग दोन वाढले, आता तीन वाढतील. एवढ्यात मागच्या बाकावरचा बाळू म्हणाला, पाच. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी कायदा विचारला. बाळू उठून म्हणाला, "एकदा एक वाढलं, मग दोन वाढलं, आता परत एक वाढंल. आमच्या मायची शिवण अशीच ऱ्हाती, एक टाका बारका, एक मोठा." सरांनी फळ्यावर पुढे लिहून दाखवलं: एक, दोन, चार, पाच, सात, आठ. मग बाळूच्या वहीत खूण केली. बाळूला आयुष्यात गणितात मिळालेली ती पहिली खूण असावी.

त्यावर मी उठून विचारलं होतं की मग काय, कोणताही आकडा लिहिला तरी चालतो का. सरांनी मलाच एक आकडा मागितला. मी मुद्दाम पन्नास म्हटलं. त्यांनी सांगितलं, दुप्पट करत जा, पण आलेल्या प्रत्येक आकड्यात एक जादा रक्कम मिळव. ती रक्कम अशी: जागेच्या नंबरातून एक वजा कर, दोन वजा कर, तीन वजा कर, तिन्हींचा गुणाकार कर आणि त्याची सातपट घे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवर कुठेतरी शून्य येतं, म्हणून आकडे बदलत नाहीत. चौथ्या जागेवर तीन गुणिले दोन गुणिले एक म्हणजे सहा, त्याची सातपट बेचाळीस. आठात बेचाळीस मिळवले की पन्नास. मी दोनदा करून बघितलं. बरोबर येत होतं. मला त्या दिवशी थोडी भीतीच वाटली.

"आकडे मुके असतेत," सर म्हणाले. "पुढं कुठं जायचं ते सांगत न्हाईत. आपण ठरवतो." परीक्षेचं मात्र ते वेगळं सांगायचे. परीक्षेत पेपर काढणाऱ्याच्या मनात कोणता कायदा आहे ते ओळखायचं आणि सगळ्यात साधा लिहून मोकळं व्हायचं. ते गणित नव्हे, माणूस ओळखणं आहे, असं त्यांचं मत.

सातवीनंतर काय, हा आमच्या गावातल्या मुलींपुढचा खरा प्रश्न होता. आठवीला परभणीला जावं लागायचं, आणि एकट्या पोरीला रोज एसटीनं कोण पाठवतं? माझी चुलत बहीण सातवी झाल्यावर खुरपं घेऊन शेतात गेली आणि दोन वर्षांत सासरी गेली. त्या वर्षी परभणीच्या एका निवासी शाळेत आमच्या केंद्रातल्या दहा-बारा शाळांमधून एका मुलीला जागा मिळणार होती. राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं तिथेच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वच्छ सांगितलं होतं की ती जागा मिळाली तर शीक, नाही तर घरी बस. ते रागावून बोलले नव्हते. दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता.

परीक्षेचा पेपर केंद्रातल्या शिक्षकांनी वाटून काढला. बुद्धिमत्तेचे प्रश्न आमच्या सरांकडे आले आणि तिथे त्यांच्या हातून ती चूक झाली. त्यांनी मालिका दिली: दोन, तीन, पाच, आठ. पर्याय दिले अकरा, बारा, तेरा, चौदा. त्यांच्या मनात तेरा होतं, मागच्या दोन आकड्यांची बेरीज. दोन आणि तीन पाच, तीन आणि पाच आठ, पाच आणि आठ तेरा. पण वर्गात दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहायची त्यांची सवय पेपरात उतरली आणि बाराही पर्यायात बसलं. वर्गात कायदा लिहायला वही होती. पेपरात चार गोल होते आणि एकच काळा करायचा होता.

मी तेरा केलं. मी पहिली आले. दुसऱ्या नंबरवर शेजारच्या गावची सारिका होती, माझ्यापेक्षा दोन गुण कमी, म्हणजे एका प्रश्नाचा फरक. तिच्या घरची मेंढरं होती. आईबाप दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे, म्हणून तिला शाळेत एक वर्ष उशिरा घातलं होतं. यादी लागली त्या दिवशी मायनं गल्लीत साखर वाटली. अण्णा पारावर जाऊन बसले, जिथे ते कधी बसत नसत.

दुसऱ्या दिवशी केंद्रशाळेतून निरोप आला की पोरीला घेऊन या. आम्ही गेलो तेव्हा केंद्रप्रमुख, चार-पाच शिक्षक आणि आमचे सर एका खोलीत बसले होते. सारिका तिच्या मामाबरोबर भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर तिचा पेपर उघडा होता. तिनं बारा केलं होतं, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: एक, दोन, तीन, आता चार.

सर म्हणत होते की हे उत्तरही बरोबर आहे, तिला दोन गुण द्यायला पाहिजेत. गुण सारखे झाले तर वयानं मोठी असेल तिला जागा, हे सूचनेतच छापलेलं होतं. सारिका माझ्यापेक्षा वर्षानं मोठी होती. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

एका शिक्षकानं टोमणा मारला, मग अकरा आणि चौदा लिहिणाऱ्यांनीही काय पाप केलं, त्यांनाही वाटा गुण. सर शांतपणे म्हणाले, "ओढूनताणून त्याचाबी कायदा निघंल, सर. पण बारा आन् तेरा पोरीला बोटावर मोजता येतेत. दोन्ही सारखेच सरळ हायेत. प्रश्न माझा हाय, चूकबी माझी हाय."

केंद्रप्रमुखांना यादी बदलायची नव्हती. त्यांनी वाट काढली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हीच पैली आली ना? हिलाच विचारू. ही म्हणली बाराबी येतं, तर बदलू. न्हाई म्हणली, तर विषय संपला."

"तिला नका विचारू," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तिच्यावर टाकू नका हे."

पण टाकून झालं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णा दारात टोपी हातात घेऊन उभे होते, त्यांना आकड्यांतलं काही कळत नव्हतं. माझ्या तोंडून 'नाही' निघायला पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. मी सरांकडे बघितलं. ते खाली फरशीकडे बघत होते. त्यांनी मला काहीही विचारलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. आज वाटतं, त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित रागानं 'नाही' म्हणून गेले असते.

मी म्हणाले, "येतं. एक वाढलं, दोन वाढलं, तीन वाढलं. आता चार वाढंल. बारा."

सारिका रडायला लागली. मी रडले नाही. केंद्रप्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

बाहेर आल्यावर अण्णा सरांना बोलले, आणि सगळ्यांसमोर बोलले. "दुसऱ्याची लेकरं आपली वाटली तुमाला. आपल्या शाळेची पोरगी परकी झाली." दोन दिवसांनी सर आमच्या घरी आले. अण्णा उठून गोठ्याकडे गेले. सर मायशी बोलले. परभणीच्या साध्या शाळेत ते स्वतः नाव घालतील, आणि पोरीला फाट्यावर सकाळच्या एसटीत रोज ते बसवून देतील. माय म्हणाली, रोज कसं जमंल? सर म्हणाले, जमवू.

त्यांनी जमवलं. तीन वर्षं, दहावी होईपर्यंत, ते पोखर्णीहून तासभर आधी निघायचे. थंडीत कानाला मफलर, पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. कंडक्टरला सांगायचे, पोरीला पुढची शीट द्या. एसटी हलल्याशिवाय मोटारसायकलला किक मारायचे नाहीत. पुढच्या वर्षी माझ्यासोबत अजून दोन मुली आल्या, नंतर पाच. अण्णांनी मला कधी अडवलं नाही, पण सर समोर आले की ते रस्ता बदलायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवी. पेढे घेऊन मी एकटीच पोखर्णीला गेले.

सर गेले त्याला आता वर्ष होईल. त्याआधी दोन महिने मी त्यांना भेटायला गेले होते. खूप वाळले होते, बाजेवर पडून होते. सारिका नर्स झाली आहे आणि आठवड्याला फोन करून औषधाचं विचारते, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं.

"तुला एक सांगायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "तिचा पेपर मी तपासतानाच पाहिला होता. पेन्सिलीनं लिहिलेलं वाचलं होतं. तरी चूक दिली. यादी लागू दिली. वाटलं, कोण बघायलंय? तू जाशील शिकायला. एक दिवस गप बसलो. तुमच्या गल्लीत साखर वाटली म्हणून कळलं, तवा ऱ्हावलं न्हाई." मग म्हणाले, "आधीच बोललो असतो तर तुला हातात आलेलं सोडावं लागलं नसतं. तेवढा गुन्हा हाय माझ्याकडं."

मी त्यांची चादर नीट केली आणि निघाले.

घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. माझं सांगून झालं. मग म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो ना, तर एक दिवस न्हाई, जल्मभर गप बसलो असतो."

सकाळी उठून पाहिलं तर ते धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. मला विचारत होते, पोखर्णीची गाडी किती वाजता असते.