मंगळवारचं सांग

"छान. हे रविवारचं झालं. आता मंगळवारचं सांग."

हे म्हणताना वर्गावरचे आजोबा चष्मा कपाळावर चढवायचे आणि उजव्या हाताचा तळवा समोर धरायचे, जणू समोरच्याने त्यावर काहीतरी ठेवायचं आहे. समोर बहुधा नऊ-दहा वर्षांचं मूल असायचं. त्याने नुकतंच "मी माझं सगळं जीवन येशूला देईन" असं खणखणीत आवाजात सांगितलेलं असायचं आणि ते टाळ्यांची वाट बघत उभं असायचं. टाळ्या मिळायच्या नाहीत. तळवा मिळायचा.

नाशिकला शरणपूर भागातल्या आमच्या चर्चमध्ये मी शब्बाथशाळेची सेक्रेटरी आहे. रविवारी उपासनेआधी मुलांचे वर्ग भरतात, त्यांची हजेरी, खाऊ, खडू आणि नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांचे टॉवेल, सगळं माझ्या वहीत असतं. वहीत नसलेली गोष्ट घडलेली मला आवडत नाही. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि पाळकसाहेबांनी त्यांना मोठ्या मुलांचा वर्ग दिला, हेसुद्धा मला माझ्या वहीत लिहिण्याआधीच घडलं. मुलं त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून महिन्याभरात सगळं चर्च त्यांना आजोबा म्हणायला लागलं. मला ते 'सेक्रेटरीबाई' म्हणायचे, तेही अशा आदराने की मला वही पाठीमागे लपवावीशी वाटायची.

दुसऱ्याच रविवारी ते एक फळी घेऊन आले. फळीवर खिळ्यांच्या चार ओळी. सोबत बिस्किटाच्या डब्यांच्या झाकणांतून कापलेले पत्र्याचे गोल बिल्ले, कडा कानशीने घासलेल्या, प्रत्येकावर एका मुलाचं नाव लाल नेलपॉलिशने लिहिलेलं.

"नेलपॉलिश कुणाचं?" मी विचारलं.

"बायकोचं. तिने विचारलेलं नाही, तुम्हीही सांगू नका."

ते कारखान्यात पाने-हातोड्यांच्या स्टोअरवर होते. तिथली पद्धत त्यांनी मला समजावली. कामगाराने पाना न्यायचा तर आपला पितळी बिल्ला द्यायचा. तो बिल्ला पान्याच्या जागी खिळ्यावर लटकतो. काम झालं की पाना परत, बिल्ला परत. संध्याकाळी एक जरी बिल्ला लटकत राहिला तर स्टोअर बंद होत नाही, कारण एक पाना कुठेतरी राहिलाय, आणि तो विमानाच्या पोटातही राहिलेला असू शकतो.

"मुलांच्या वचनांचंही तसंच," ते म्हणाले. "देऊन जातात. कुठे राहतात, कोण बघतंय?"

तर पद्धत अशी ठरली. ज्याला येशूच्या मागे चालायचं आहे त्याने एक काम घ्यायचं, मंगळवारचं. बिल्ला खिळ्यावर. काम झालं की आजोबा विचारणार, "झालं?" मूल म्हणणार, "झालं." "कोणत्या वारी?" "मंगळवारी." मग बिल्ला हातात. पुरावा मागायचे नाहीत. मी म्हटलं, आईबाबांची सही घेऊया, मी फॉर्म छापून आणते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की फॉर्मचा विषय मी परत काढला नाही.

मंगळवारच का, असं मी एकदा विचारलं. "सोमवारी रविवारचा जोर शिल्लक असतो, सेक्रेटरीबाई. मंगळवारी संपतो. येशूने रोज वधस्तंभ उचलून मागे या म्हटलंय. मी एकाच वारावर भागवतोय."

त्यांचा वर्ग चालायचा तो ऐकण्यासारखा. मी शेजारच्या खोलीत खाऊचे पुडे मोजत असे आणि कान तिकडे असे.

"आजोबा, मी जगभर सुवार्ता सांगेन."

"जग राहू दे. मंगळवारी काय करतोस?"

"क्रिकेट."

"आउट झालास की काय करतोस?"

बाकीची पोरं एका सुरात म्हणाली, "भांडतो!"

त्याच्या बिल्ल्याखाली कामाची चिठ्ठी लागली, 'आउट म्हटलं की बॅट सोडणे'. तो बिल्ला तीन रविवार लटकला. चौथ्या रविवारी पोरगा तावातावाने आला.

"झालं?"

"झालं. पण आजोबा, मी आउट नव्हतो! चेंडू लागलाच नव्हता बॅटला!"

"आणि बॅट सोडलीस?"

"सोडली."

"मग तर जास्तच झालं," आजोबा म्हणाले आणि बिल्ला दोन्ही हातांनी दिला.

एका मुलीने सांगितलं, "मम्मीला उलट बोलणार नाही." त्यांनी मान हलवली. "नाहीवाली कामं नकोत. पाना घेऊन कुणी म्हणतं का, मी याने काही बिघडवणार नाही? काय करणार ते सांग." ती म्हणाली, "स्वतःचा डबा घासीन." हे काम पटकन मंजूर झालं. तिच्या आईने मला फोन करून विचारलं, की चर्चमध्ये नेमकं काय शिकवताय, पोरगी आजारी आहे का?

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग आला समर्पण रविवार.

वर्षातून एकदा मोठ्या वर्गातली मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीसमोर उभी राहतात आणि येशूच्या मागे चालण्याचं वचन देतात. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. सव्वीस मुलं, सव्वीस मेणबत्त्या, भद्रकालीच्या बाजारातून आणून कागदाच्या वाट्यांसकट माझ्या खोक्यात तयार. आदल्या रविवारी मी आजोबांना यादी दिली. त्यांनी ती फळीसमोर धरली, सात नावांवर खुणा केल्या आणि परत दिली.

"हे काय?"

"एवढ्यांचे बिल्ले हातात आहेत."

"आजोबा, सव्वीस मेणबत्त्या आणल्यात मी!"

"मेणबत्त्या खराब होत नाहीत."

सात मुलं उभी राहिली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "बाकीची?" आजोबा मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाले, "मंगळवारवर अडकलीत, साहेब." लोक हसले. एकोणीस मुलांच्या आया हसल्या नाहीत. उपासनेनंतर एक जण मला गाठून म्हणाली, "फ्रॉकला लेस लावली होती हो मी. आता मंगळवारी शाळेत घालून पाठवू का?"

कमिटीची बैठक झाली. ठरलं असं, की पुढच्या रविवारी उरलेल्या मुलांना मेणबत्त्या द्यायच्या, आणि आजोबा आडवे आले तर वर्ग त्यांच्याकडून काढून घ्यायचा. मी बाजू घेतली नाही. मी ठराव लिहिला, स्वच्छ अक्षरात, आणि बाहेर उभ्या असलेल्या आजोबांना वाचून दाखवला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पण तळवा पुढे केला नाही. "वर्ग घ्या," ते म्हणाले. "पण मेणबत्त्या मी वाटणार नाही. तुम्हीच वाटा." घरी ते आणि त्यांची बायको; त्यापलीकडे तो वर्ग, एवढंच. रविवारची तयारी ते गुरुवारपासून करायचे हे मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी खोकं घेऊन वर्गात गेले. ते मागे भिंतीला टेकून उभे. मी नावं वाचली, मेणबत्त्या दिल्या. एस्तेर नावाची नऊ वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी तिची मेणबत्ती घेऊन जागेवर गेली, परत आली आणि मेणबत्ती माझ्या खोक्यात ठेवली.

"काय झालं?"

"टीचर, माझा बिल्ला अजून फळीवर आहे."

तिचं काम होतं, शाळेत जिच्याशेजारी कुणी बसत नाही तिच्याशेजारी मंगळवारी बसायचं. ती मुलगी तापाने दोन आठवडे शाळेतच आली नव्हती.

"मग यात तुझी काय चूक? घे."

"पण मी बसले नाही ना अजून."

मी आजोबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग क्रिकेटवाल्याच्या बहिणीने मेणबत्ती परत केली. मग आणखी कुणी. खोक्यात सतरा परत आल्या. दोघांनी स्वतःकडे ठेवल्या; त्यातल्या एकाने नंतर कबूल केलं की घरी वाढदिवस होता. कमिटीला मी तोच आकडा कळवला. वर्ग आजोबांकडेच राहिला. पुढच्या काही महिन्यांत मेणबत्त्या एकेक करून गेल्या, बिल्ला हातात येईल तसं एखाद्या रविवारी दोनच मुलं वेदीसमोर उभी राहिली, आणि त्या आयाही हळूहळू फोनवर तक्रार सोडून दुसरंच काहीतरी बोलू लागल्या.

पण एस्तेरचं त्या दिवशी संपलं नव्हतं. तिने फळी नीट वाचली आणि विचारलं, "टीचर, तुमचा बिल्ला कुठंय?"

"प्रश्न बरोबर आहे," खिडकीपाशी आजोबांच्या अंगात एकदम जीव आला. खिशातून कोरा बिल्ला निघाला. तो खिशात आधीपासून होता, हे तुम्हीही ओळखलं असेल. "सगळं सांगू नका, सेक्रेटरीबाई. काम आणि वार."

मला खरं तर 'फाइली लावणे' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "सटाणा. एक यादी दुरुस्त करायचीय."

माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिकांची यादी मी केली होती. जाऊबाईंच्या आईचं नाव राहिलं. सटाण्याच्या त्या म्हाताऱ्या बाई नवं लुगडं काढून पत्रिकेची वाट बघत बसल्या. जाऊबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, पत्रिका पाठवली होती, कुरिअरवाल्याने हरवली असेल. मी यादीत चूक करत नाही, ही माझी ख्याती होती. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि आमच्याकडे येणं सोडलं.

'सटाणा' ही नोंद मी या डायरीतून त्या डायरीत उतरवत राहिले. कधी परीक्षा, कधी पाहुणे. एका मंगळवारी तर रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग असेल या अंदाजाने गेले नाही. आजोबा कधी बोलले नाहीत. फक्त फळीकडे बघत विचारायचे, "सटाण्याला बस अजून जाते ना?"

दोन वर्षं बस जात होती.

यंदा आजोबा गेले. मंगळवारी गेले असते तर गोष्ट नीट जुळली असती, पण ते गुरुवारी गेले, दुपारी, खुर्चीत. अंत्यविधीची यादी मी केली: फुलं, गायन मंडळ, खुर्च्या, पाणी. यादीत नसलेलं एकच काम झालं. फळीवर तेव्हा दोनच बिल्ले उरले होते, मुलांचा एकही नाही. एक त्यांचा स्वतःचा, त्याखाली लिहिलेलं, 'फाटकाच्या बिजागरीला तेल'. मुलांनी ते वाचलं आणि सकाळीच कुणाच्या तरी घरातलं शिलाई मशीनचं तेल आणून बिजागऱ्या भिजवून ठेवल्या. शवपेटी आत आली तेव्हा चर्चचं ते फाटक, जे माझ्या लग्नापासून करकरतंय, वाजलं नाही. त्यांच्या बायकोने एस्तेरच्या हातात तो बिल्ला बघितला आणि म्हणाली, "हे माझं नेलपॉलिश."

दुसरा बिल्ला माझा होता.

पुढच्या मंगळवारी मी सटाण्याच्या बसमध्ये बसले. म्हाताऱ्या बाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आजी, पत्रिका हरवली नव्हती. मी तुमचं नावच लिहिलं नव्हतं."

"माले माहीत शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तुना हातनी वस्तू कधी हरपस का? ये, बस. लसूण सोल."

मी सोलला. किती ते लिहून ठेवलेलं नाही. तिथूनच जाऊबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "जेवूनच निघा, ताई. आई भाकरी चांगल्या करते."

रविवारी वर्गात गेले. फळीवर एकच बिल्ला. माझा बिल्ला आता मागायचा कुणाकडे, हा विचारच मी केला नव्हता. एस्तेर आता अकरा वर्षांची आहे, वेण्या गेल्या, चष्मा आलाय. तिने स्टूल ओढलं, वर चढली, बिल्ल्याला हात लावला आणि थांबली. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे वळली.

"झालं?"

"झालं."

"कोणत्या वारी?"

"मंगळवारी," मी म्हणाले आणि तळवा पुढे केला.